तुम्ही विचारलंत म्हणून: कात टाकतो तेव्हा तुम्ही काय करता?

आमच्या नारायण पेठेतल्या घरात पुस्तकांच्या कपाटावर काचेची एक पेटी आहे. तिच्यात टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, राहतो. घरी येणारं माणूस आधी दोन पावलं मागे सरकतं, मग चार पावलं पुढे येतं आणि चहा संपायच्या आत विचारतं, "हा कात टाकतो तेव्हा तुम्ही काय करता हो?" उत्तर एका शब्दाचं आहे: काही नाही. (हे दोन शब्द झाले. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे, ते वाचतील तेव्हा चूक काढतीलच.)

त्याचं नाव गोट्या. जात मेक्सिकन रेडनी, म्हणजे काळं अंग आणि गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. 2019 साली आणला तेव्हा पाय पसरून रुपयाच्या नाण्याएवढा होता. ब्राकीपेल्मा ही त्याची अख्खी प्रजाती साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2020 मध्ये, घरात असे परदेशी प्राणी असतील तर स्वतःहून जाहीर करा, असं केंद्राने सांगितलं. तेव्हाच मी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची माहिती भरून टाकली. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत राहणारे फार देखणे टॅरंटुला आहेत, पण ट्रेकला गेल्यावर ते पकडून आणायचे नसतात. हेही बरेच जण विचारतात, म्हणून एका वाक्यात उरकून घेतलं.

कात जवळ आली की पहिली गोष्ट म्हणजे गोट्या जेवण सोडतो. रातकिडा समोरून गेला तरी बघत नाही, अंगावर आला तर पाय झटकतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. लहान होता तेव्हा हे आठवडाभर चालायचं. आता महिना-दोन महिने सहज जातात. आमच्या आईला हे सोसत नाही. जेवत नाही तो आजारी, हा तिचा नियम माणसापासून मनीप्लांटपर्यंत सगळ्यांना लागू आहे. "अगं, दुसरं काहीतरी देऊन बघ ना," असं ती रोज एकदा म्हणते. मी तिला गोट्याचं टक्कल दाखवते. अमेरिका खंडातले बहुतेक टॅरंटुला चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. ते कातडीला लागले की खाज सुटते, डोळ्यात गेले तर मोठीच पंचाईत. केस उडालेल्या जागी पोटावर टक्कल पडतं. एरवी ते फिकट, मातकट दिसतं. कात जवळ आली की ते हळूहळू काळं पडत जातं, कारण जुन्या कातडीखाली नवे केस तयार झालेले असतात आणि ते आतून दिसतात. टक्कल जांभळासारखं काळं आणि तकतकीत झालं, की दिवस भरले म्हणायचे.

मग माझी कामं सुरू होतात, म्हणजे बंद होतात. पेटीत उरलेला रातकिडा शोधून बाहेर काढायचा. कात टाकलेला टॅरंटुला इतका मऊ असतो की एरवीचं त्याचं जेवणच त्याला कुरतडू शकतं. पाण्याची वाटी भरलेली ठेवायची. पुण्यातल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये पेटीच्या तळाशी पसरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) एक कोपरा ओला करायचा, पण त्याच्या अंगावर फवारा मारायचा नाही. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर पेटी उचलून मावशीच्या घरी न्यायची. बस. हात धुवायचे आणि लांब बसायचं.

हे लांब बसणं मला फटका खाऊन आलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एका सकाळी गोट्या पाठीवर उलटा पडलेला दिसला. मला वाटलं, गेला. मग एक पाय हलल्यासारखा वाटला, म्हणून "बिचारा उलटा झालाय" असं म्हणत मी रंगाच्या ब्रशने त्याला सरळ केलं. तो मेलेला नव्हता, कात टाकत होता. टॅरंटुला कात टाकायला स्वतःच जाळ्याची चटई विणून तिच्यावर उताणे होतात. मरतात ते बहुधा पालथे, पाय पोटाखाली मुडपून. माझ्या उपकारामुळे त्याचा डावीकडचा तिसरा पाय जुन्या कातडीत अडकला आणि शेवटी त्याने तो मुळापासून सोडून दिला. पुढच्या कातीला त्या जागी काडीसारखा बारीक पाय आला, त्याच्या पुढच्या वेळी जरा बरा. आता सांगितल्याशिवाय कळत नाही. मला कळतो.

त्यानंतरची सगळ्यात लक्षात राहिलेली कात 2023 च्या अनंत चतुर्दशीची. टक्कल काळं पडून तीन आठवडे झाले होते आणि नदीपात्रातली ढोलपथकांची तालीम गणपतीच्या आधीपासून चालूच होती. टॅरंटुलाला नीट दिसत नाही, पण पायांवरच्या केसांतून त्याला बारीकशी थरथरही कळते. मी पेटीखाली जुनी योगा मॅट चौपदरी करून घातली. बाबांनी काचेवर चिकटवायला पाटी लिहून दिली:

"गोट्या कात टाकत आहे. काचेवर टकटक करू नये. मेलेला नाही."

रात्री अकराला तो उताणा झाला. बाहेर मिरवणूक आणि खिडक्यांची तावदानं वाजत होती. तासभर काहीच घडेना. मग डोक्याकडच्या पाठीचं कवच डब्याचं झाकण उघडावं तसं कडेने सुटलं. पुढचे दोन तास आठ पाय आणि तोंडाजवळचे दोन स्पर्शपाद असे दहा अवयव तो बाहेर काढत होता. पावसात भिजून आल्यावर चिकटलेल्या सलवारीतून पाय काढावा तसे, थोडा जोर, थोडी विश्रांती, पुन्हा जोर. "एसटीने कात टाकली," "स्टेशनने कात टाकली" असं छापणाऱ्यांना एकदा हे बघायला बोलवावंसं वाटतं. साप वरची साल काढतो. हा सुळे काढतो, फुप्फुसांचं आणि जठराचं आतलं अस्तरही काढतो.

अडीचला तो बाजूला कलंडला. नवे सुळे दुधाच्या दातांसारखे पांढरेशुभ्र होते. ते आधी तांबूस झाले आणि मग काळे. काळे होऊन आणखी आठवडा जाईपर्यंत मी त्याला खायला दिलं नाही. त्या काळात आईने माझ्याशी फारसं बोलणं ठेवलं नव्हतं.

त्याची कात मात्र मी दुसऱ्या दिवशीच लांब चिमट्याने काढून घेतली. वाळली की ती पापडासारखी मोडते. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवली आणि पोटाकडचा चुरगळलेला भाग टूथपिकने अलगद उलगडला. फुप्फुसांचे चार पांढरे ठिपके दिसले. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे मादीला शुक्राणू साठवायची लहानशी पिशवी असते, तिचं अस्तरही कातीबरोबर निघतं. बाबांचं प्रुफांचं भिंग घेऊन बघितलं, तर ती पिशवी तिथे स्वच्छ दिसत होती.

म्हणजे आमचा गोट्या मादी आहे. यात आनंदाची गोष्ट अशी की नर वयात आल्यावर फार जगत नाहीत, माद्या वीस-वीस वर्षं जगतात. नाव बदलायला कुणी तयार झालं नाही. घरात अजूनही सगळे 'तो'च म्हणतात, मीसुद्धा. बाबांनी मात्र भिंग परत घेतलं, चष्मा लावला आणि काचेवरच्या पाटीत 'मेलेला'मधल्या 'ला'वर लाल शाईने काट मारून समासात 'ली' लिहिलं.