तोंडातून लॅबपर्यंत

नाशिकला पंचवटीत आमची दातांची लॅब आहे. क्लिनिकमध्ये घेतलेलं माप, म्हणजे दातांचा ठसा, आमच्याकडे येतं, त्यात आम्ही डेंटल स्टोन (प्लास्टरसारखी, पण जास्त कडक होणारी पूड, पाण्यात कालवून) ओततो आणि त्या साच्यावर कवळी किंवा कॅप तयार करतो. पेशंट आम्हाला क्वचितच भेटतो, त्याचं माप मात्र रोज हातात असतं. म्हणून मापाची हेळसांड झाली की जीव तुटतो.

मागच्या मे महिन्यात एका आजींच्या खालच्या जबड्याचं माप आलं. दोन्ही बाजूंच्या दाढा नव्हत्या, काढघालीची कवळी करायची होती. माप अकराला घेतलेलं, माझ्याकडे पोचलं दीडला. तेवढा वेळ ट्रे साध्या पिशवीत, स्कूटरच्या डिकीत, भर उन्हात द्वारका चौकाच्या गर्दीतून आलेला. अल्जिनेटच्या, म्हणजे ज्या लगद्यात ठसा घेतात त्याच्या, कडा गडद आणि कडक झाल्या होत्या, एका बाजूला ते ट्रेपासून सुटलं होतं. तेव्हाच फोन करून दुसरं माप मागायला हवं होतं. पण आजी निफाडहून एसटीने येतात हे मला माहीत होतं. त्यांचा हेलपाटा वाचावा म्हणून मी ओतलं. कवळी बसली नाही, आणि एकाऐवजी दोन हेलपाटे पडले. ती चूक माझी.

अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं. आधी मापासाठी अगर नावाचा जेलीसारखा पदार्थ वापरायचे. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं अगर मिळेना, तेव्हा अल्जिनेट पुढे आलं. घट्ट झालेल्या मापात बहुतांश पाणीच असतं. उघडं ठेवलं की ते पाणी सोडून आकसतं, पाण्यात ठेवलं की पाणी पिऊन फुगतं. म्हणजे निथळत्या कापसात गुंडाळून पाठवणंही चुकीचंच. लाळ आणि रक्त वाहत्या पाण्याखाली धुवा, निर्जंतुक करा, पाणी झटका, घट्ट पिळलेला ओला नॅपकिन लावून झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि 10-15 मिनिटांत ओता. डब्यातही ते फार काळ टिकत नाही.

अल्जिनेटची पूड ज्या पाण्यात कालवतात, त्याचंही तसंच. जानेवारीत सकाळी नळाचं पाणी इतकं गार असतं की अल्जिनेट घट्ट व्हायला वेळ लागतो. घाईत ट्रे काढला की दाताच्या मुळाशी ते फाटतं. मे महिन्यात उलट, वाटीत कालवतानाच आवळायला लागतं.

कॅपसाठी सिलिकॉनचं माप येतं, त्यात पुटी (कणकेसारखं घट्ट सिलिकॉन) आणि लाइट बॉडी (पातळ सिलिकॉन) असते. ॲडिशन सिलिकॉन हा प्रकार असेल तर ते दिवसेंदिवस आकार सोडत नाही, तिथे मी निश्चिंत असते. फक्त पुटी लॅटेक्सच्या ग्लोव्हजने मळू नका. त्यातल्या गंधकामुळे पुटी नीट घट्ट होत नाही, चिकट राहते.

आजींच्या दुसऱ्या मापाला मी स्वतःच क्लिनिकमध्ये गेले. 100 ग्रॅम स्टोन, 30 मिली पाणी. ट्रे हलवून हवा काढणारा व्हायब्रेटर नव्हता, म्हणून ट्रे टेबलाच्या कडेवर हलके आपटत राहिले. एका टोकाला थेंबभर स्टोन सोडला, तो पुढच्या खळग्यात घरंगळला, मग त्याच्या पुढच्या. असं एकेक दात भरत गेलं की हवा आत अडकत नाही. तासाभराने सोडवलं. पुढचा एक दात किंचित आडवा होता. त्याच्या आणि शेजारच्या दाताच्या मधली फट केसाएवढी, तीही स्वच्छ उतरली होती. त्या साच्यावरची कवळी पहिल्याच खेपेला बसली.

त्या क्लिनिकमधून आता झाकणाचा डबा येतो, वर माप घेतल्याची वेळ लिहिलेली. काल डब्यावर 11:40 होतं. माझ्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती, आणि स्टोन मोजून तयार होता.