तुम्ही विचारलंत म्हणून: पळून नाही गेलो

लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी नवी ओळख झाली की प्रश्न तोच. "लव्ह मॅरेज ना? मग पळून गेलात का?" परवा नाशिकच्या कॉलेज रोडला भाचीच्या मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रेल्वेचा डबा, मागे लागलेली जीप, सगळं तयार होतं. म्हटलं, पळतोय कसले, महिनाभर जागच्या जागी उभे होतो. त्यांचा पार विरस झाला. (२०१६ला 'सैराट' आल्यापासून मोठी माणसं हेच जरा दबक्या आवाजात विचारतात.)

सिनेमातलं कोर्ट मॅरेज मला पाठ होतं. टेबलामागे चष्मेवाले साहेब, दोन सह्या, मित्रांनी पिशवीतून काढलेले हार, खेळ खलास. प्रत्यक्षात ते कोर्टात नसतंच. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. दोघांपैकी एकजण तरी त्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मग नाव, वय, पत्त्यासकट ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं. साक्षीदार तीन. भटजी बोलावून दिवसात उरकलं असतं, पण नवऱ्याला विधी नको होते.

आम्ही भेटायचो पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकात. दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. म्हणजे पडद्यावरचा पहिला संसार दोन पुरुषांनीच रंगवला! पुढेही लिहिणारे बहुतेक तेच राहिले असावेत, नाहीतर नायिकेला घागरा सावरत एवढं पळायला लावलं नसतं.

तर ते ३० दिवस. तो सातपूरला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट. सुटला की दर दोन-तीन दिवसांनी बोर्ड बघून यायचा. एकदा मीही गेले. आमच्या कागदावर कुणीतरी दुसराच कागद टाचला होता, वरती फक्त माझं आडनाव डोकावत होतं. मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, राहू दे असंच, देव पावला. त्यानं टाचणी काढली, तो कागद शेजारच्या मोकळ्या जागेत लावला आणि म्हणाला, "उद्या कुणी म्हणायला नको, लपवून केलं." मी जिना उतरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. घरी येताना मात्र वाटलं, याच्याशीच करायचं. हा सीन कुणी कशाला शूट करेल? टाचणीला पार्श्वसंगीत काय देणार?

लग्नाच्या दिवशी तिसरा साक्षीदार द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकला. सह्या झाल्या, मिसळ खाल्ली, नवऱ्याला त्या दिवशी सेकंड शिफ्टला जावं लागलं.

आणि बाबा? कुणीतरी बोर्डावर वाचून त्यांना बाविसाव्या दिवशीच सांगितलं होतं. ते हरकत घ्यायला गेले नाहीत, आरडाओरडा नाही, छातीत कळ नाही. फक्त पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज साडेसातला फोन करायचे, आई उचलायची. मागे बाबांची मालिका मोठ्यानं चाललेली असायची, आणि तिच्यात बहुतेक वेळा कुणाचं तरी लग्न.