ताक, नो आणि ना

भाची सध्या पोलंडात, व्रोत्सवाफला शिकते. परवा दुपारी फोनवर बोलता बोलता तिचं दार कुणीतरी वाजवलं, तशी मान वळवून ती म्हणाली, "ताक, ताक." माझ्यापुढे ताकाचा पेला नव्हता, असता तर गोष्ट आणखी रंगली असती.

पोलिशमध्ये ताक म्हणजे हो. डेन्मार्कात तेच ताक 'आभारी आहे' होतं. दोघांचं नातं काही नाही. डॅनिश ताक इंग्रजीतल्या थँकच्या भावकीतलं. पोलिश ताक निघालं 'तसं' या अर्थाच्या जुन्या शब्दातून, म्हणजे आपल्या 'तो'चं लांबचं चुलत भावंड. पोलिश माणूस हो म्हणतो, तेव्हा मुळात 'तसंच' म्हणत असतो.

मला असल्या चिमुकल्या शब्दांचं वेड आहे. टेलिफोनसारखे लांबलचक शब्द कुठंही गेले तरी ओळख देतात. फसवतात ते दीड अक्षराचे. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि सीमा ओलांडून बल्गेरियात पाऊल टाकलं की 'ने' म्हणजे नाही. त्यात बल्गेरियन माणूस हो म्हणताना मान आडवी हलवतो! तिथं चहा नको म्हणायची पंचाईतच.

लॅटिनमध्ये तर हो म्हणायला धड एक शब्दच नव्हता. "जेवलास का?" असं विचारलं की रोमन माणूस बहुधा "जेवलो" म्हणून मोकळा. आपण तरी दुसरं काय करतो? पुढे फ्रान्सच्या दक्षिणेत लॅटिनच्या 'हे' या शब्दाचा 'ओक' झाला, उत्तरेत 'ओईल'. ओईलचा झिजून 'वी' झाला आणि ओक लांगदोक या प्रांताच्या नावात जाऊन बसला. हो कसं म्हणतात यावरून मुलुखाचं नाव! त्या न्यायानं आमच्या कोल्हापूरला 'व्हयप्रांत' म्हणायला हरकत नव्हती.

कोल्हापूर निघालं म्हणजे आजी आलीच. 1943 ते 1948 या काळात तिच्या माहेराजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. माणसं पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं. रशियातून इराणमार्गे इथवर आलेली. नंतर त्याच जागी फाळणीत आलेले सिंधी वसले. आताचं कपडेवाल्यांचं गांधीनगर ते हेच. पणजोबांचा छावणीत दुधाचा रतीब असायचा. एक गोरी बाई प्रत्येक वाक्याला "ताक, ताक" करायची, म्हणून दुसऱ्या दिवशी ते चरवीभर ताक घेऊन गेले, असं आजी सांगायची. खरं-खोटं देव जाणे. पण ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आम्ही. न मागता ताक दिलं, याचंच तिला कौतुक.

तिथं आजीची एक मैत्रीण होती. तिचं नाव आजीला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. छावणी उठताना आजीनं तिला खाणाखुणांनी विचारलं, "परत येशील ना?" ती म्हणाली, "नो." आजी तेव्हा शाळेत इंग्रजीची दोन-चार अक्षरं शिकलेली. तिनं तोंड फिरवलं आणि निरोप न देता घरी आली. म्हातारपणीसुद्धा हे सांगताना तिचा चेहरा फुगायचा.

हे सगळं भाचीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. पोलिश बोलण्यात नो म्हणजे नाही नव्हेच. नो म्हणजे "हं", "हो ना"! मग मला आपलाच 'ना' आठवला. 'हो ना'मध्येही तोच आणि 'ना हरकत'मध्येही तोच. आजीच्या "येशील ना?"मध्येसुद्धा तोच होता की!

"म्हणजे ती येते म्हणाली होती?" मी विचारलं.

"तसंही नाही गं मावशी. नो म्हणजे कधी कधी नुसतं 'बरं मग' असंही असतं. सगळं सुरावर आहे. कोणत्या सुरात म्हणाली होती ती?"

आजीला जाऊन 11 वर्षं झाली.