पाण्याच्या पक्ष्याला कोरडे ठेवताना

गेल्या नोव्हेंबरात मखमलाबादच्या आमच्या घराच्या परसात बदकाची पाच पिल्ले आणली, तेव्हा बदकाला पाणी दिले की बाकीचे ते स्वतःच पाहून घेते, अशी माझी समजूत होती. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन हळदी-कुंकू बदके तासन्‌तास पाण्यावर तरंगताना पाहिलेली असल्यामुळे ती अधिकच पक्की झाली असावी. (ती रानबदके, त्यांना पकडणे वा पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.) माझी पिल्ले खाकी कॅम्पबेल जातीची, सिन्नरकडच्या एका पाळणाऱ्याकडून घेतलेली आणि जेमतेम दोन दिवसांची होती.

खाकी कॅम्पबेलची मादी अंडी भरपूर देते, पण त्यांवर बसायला सहसा राजी नसते. म्हणून या जातीची पिल्ले बहुधा उबवणी यंत्रातच 28 दिवसांनी बाहेर पडतात. माझ्या पिल्लांनी आई पाहिलेलीच नव्हती. माझ्या बहुतेक चुका या एका गोष्टीचा अर्थ उशिरा उमगल्यामुळे झाल्या.

तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोहू दे की त्यांना, बदकंच आहेत ती." मीही हौसेने घमेल्यात पाणी भरले. पिल्ले पोहली, बुड्या मारल्या, आम्ही फोटो काढले. आणि दहा मिनिटांत त्यांची लव चिंब होऊन अंगाला चिकटली व एक पिल्लू मान टाकून थरथरू लागले. शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची ग्रंथी पहिल्या काही आठवड्यांत पुरेसे काम करीत नाही, आणि आई असली तर पाण्यातून निघून तिच्या पंखांखाली शिरता तरी येते. इथे दोन्ही नव्हते. जुन्या सुती पंच्यात गुंडाळून आणि दिव्याखाली धरून ते पिल्लू वाचले. त्यानंतर महिनाभर घमेले मी माळ्यावरच ठेवले.

दिव्याचीही एक गंमत आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 32 अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवायची असते. नाशिकच्या थंडीत रात्रीचा पारा दहाच्याही खाली जातो. मात्र घरातले सगळे दिवे एलईडीचे, आणि त्यांच्या उजेडात ऊब कसली! जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा तारेचा बल्ब शोधायला मला चार दुकाने हिंडावी लागली. थर्मामीटरपेक्षा पिल्लांवरच लक्ष ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते: ती बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे, आणि चोच उघडी टाकून कडेला पांगली तर ऊब जास्त झाली आहे.

गादीसाठी प्रथम वर्तमानपत्र अंथरले, तेही चुकलेच, कारण गुळगुळीत कागदावर पाय घसरून ते कायमचे फाकू शकतात. मग इगतपुरीकडून भाताचे तूस आणवले. तरीही खरा वैताग पाण्याचाच, कारण बदक घासागणिक पाणी पिते आणि नाकपुड्या धुण्यासाठी चोच पूर्ण बुडवते. त्यामुळे भांडे चोच बुडेल इतके खोल, पण पिल्लू बुडणार नाही इतके अरुंद हवे. ओल्या तुसावर बुरशी धरते आणि ती श्वासावाटे फुप्फुसात गेली की पिल्ले दगावतात. शेवटी परातीवर लोखंडी जाळी ठेवून तिच्यावर पाण्याचे भांडे मांडले. सांडलेले पाणी परातीत आणि गादी कोरडी.

बुरशीची भीती खाद्यातही असते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, त्यांबरोबर बदकाची पिल्लेही मेली, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष ओळखले गेले. बदकाचे पिल्लू या विषाला फारच लवकर बळी पडते, म्हणून स्वस्तात मिळणारा काळवंडलेला मका मी दारातूनच परत पाठवते. कांद्याची पातही आमच्याकडे कितीही मुबलक असली तरी त्यांच्यापुढे टाकत नाही.

दोन आठवड्यांनी एक पिल्लू बसून बसून चालू लागले. मी देत होते ते कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य, आणि बदकाच्या पिल्लाला नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळपास दुप्पट लागते. ते कमी पडले की पाय वाकतात. पशुवैद्यांनी खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळायला सांगितले. आठवडाभरात ते पिल्लू इतरांमागे धावू लागले, पण डावा पाय अजून किंचित बाहेर पडतो.

आठव्या आठवड्यात पिसे भरली आणि आवाज फुटले. तिघी खणखणीत ओरडतात, म्हणजे माद्या. दोघांचा घसा बसल्यासारखा आहे, म्हणजे नर. आता ती दिवसभर परसात असतात आणि मुंगसाच्या धाकाने संध्याकाळी जाळीच्या खुराड्यात जातात. घमेले माळ्यावरून उतरले आहे. लंगडी मादीच त्यात सर्वांत आधी उडी मारते, आणि बाहेर आल्यावर शेपटीच्या मुळाशी चोच घासून एकेक पीस तेलाने माखत उन्हात बसते.