सरका न जी

नागपूरच्या सिटी बसमध्ये ‘सरका न जी थोडं’ म्हटलं की नाही म्हणायची पद्धत नव्हती. दोघांच्या सीटवर तिसरा वीतभर जागेत टेकायचा. मोरभवनहून हिंगण्याला निघालेल्या गाडीत अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लागली, तरी कुणाला काही वाटत नसे.

११ मार्च २०२० ला शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. २२ तारखेला जनता कर्फ्यू, आणि मग चाकंच थांबली. २० ऑगस्टपासून एसटी पुन्हा जिल्ह्याबाहेर निघाली ती ४४ सीटच्या गाडीत २२ माणसं घेऊन, एकाआड एक सीट रिकामी ठेवून. एरवी रिकामी सीट दिसली की झडप घालणारा प्रवासी आता तिच्याकडे पाहून निर्धास्त व्हायचा. पुढे बंधन उठलं, पण लोक शेजारी पिशवी ठेवून स्वतःची सोय करतच राहिले.

भीती आधी हातात शिरली. दांडा धरायचा नाही म्हणून कोपर अडकवायचं, ब्रेक लागला की मात्र तोच दांडा मुठीत. थुंकी लावून नोटा मोजणाऱ्या कंडक्टरभाऊंकडे सगळी गाडी डोळे वटारून बघायची. भाऊंनी सॅनिटायझर धरलं, तर नवीनच पंचाईत. मशीनमधून निघणारं तिकीट असतं थर्मल कागदाचं आणि अल्कोहोल लागलं की तो काळा पडतो. ओल्या बोटांनी दिलेल्या तिकिटावर अंगठ्याएवढा काळा डाग, आणि भाड्याचा आकडा नेमका त्याच्याखाली! हात वीसेक सेकंद चोळून पूर्ण वाळू द्यायचे, मग तिकीट फाडायचं, एवढंच करायचं असतं. पण पुढचा थांबा तेवढा वेळ देत नाही.

गाडी धुण्यातही तेच. जंतू मारायचं हायपोक्लोराइट एक टक्क्याचं लागतं. म्हणजे पाच टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. ते दहा मिनिटं राहू द्यायचं आणि नंतर साध्या पाण्याने पुसायचं. हे शेवटचं पुसणं राहिलं की दांड्याच्या जोडांवर गंज धरतो आणि तो तळव्याला खरखरीत लागतो. औषधाच्या वासाने प्रवाशाला धीर यायचा, यात मात्र शंका नाही.

पण हा रोग मुख्यतः हवेतून येतो, दांड्यावरून फार कमी. हे कळायला वेळ लागला आणि गळी उतरायला त्याहून जास्त. नागपुरात त्याचं मोजमाप आयतंच आहे: खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. शेजाऱ्याच्या खर्र्याचा वास तुमच्या नाकाशी आला, म्हणजे त्याचा श्वासही आला. मास्क लावला तरी वास येतो, कारण वायू त्यातून सुटतो आणि थेंब अडतात. त्यामुळे मास्क कुचकामी आहे असं समजू नये. चष्म्यावर वाफ धरली, तर मात्र नाकावरची तार नीट दाबलेली नाही. घामाने भिजलेला मास्क बदलावाच, तो श्वास जड करतो आणि हवा कडेने शिरते.

उपाय सोपा: पुढची एक आणि मागची एक खिडकी चार बोटं उघडी. गाडी पळते तोवर हवा खेळते. सिग्नलला उभी राहिली की जागीच थबकते. अडचण मे महिन्याची. पारा पंचेचाळिशीत, लू अंगावर येते, आणि गाडीतली सगळी ‘काच लावा न जी’ म्हणून ओरडतात. म्हणून जिच्या काचा कधी बंदच होत नाहीत अशी खडखडणारी बस हवेच्या हिशेबाने बरी. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा सुरू झालेली मेट्रो चकचकीत दिसायची, त्यामुळे लोकांना ती सुरक्षित वाटली. पण एसी बाहेरची हवा किती आत घेतो यावर सगळं अवलंबून, आणि ते सीताबर्डीला डब्यात चढणाऱ्याला दिसत नाही.

चेहरा झाकायचं नागपूरकरांना नवीन नव्हतं. दुपट्टा उन्हाळ्यात इथे सगळेच बांधतात. त्याचं विरळ सूत ऊन अडवतं, बारीक थेंब नाही. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला, मास्कची सक्ती गेली आणि रस्त्यावरचे निम्मे चेहरे तरीही झाकलेलेच होते!

त्या काळात ज्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, त्यातले कित्येक बसकडे परतले नाहीत. आता त्यांना थांब्यावर उभं राहणंच जड जातं, रोगाची आठवणही नसते. जे परतले ते पुन्हा मांडीला मांडी लावून बसतात, पिशवी मांडीवर घेतात. फक्त एखाद्याला खोकला आला की तो शेजाऱ्याकडे वळून सांगतो, ‘ठसका लागला जी, सुपारीचा.’ शेजाऱ्याने काही विचारलेलं नसतं, तरी तो खिडकी थोडी सरकवतो.