दाखल क्रमांक

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी टीव्हीच्या मागे, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये अशा बेताने, मिठाईच्या पुड्याएवढा एक संगणक आणि त्याला जोडलेली एक हार्ड डिस्क ठेवलेली आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विकत घेतलेल्या व्हीसीडी-डीव्हीडींवरून उतरवलेले चित्रपट, काही नाटकांची चित्रणे आणि घरच्या लग्नामुंजींच्या कॅसेटी असा सगळा ऐवज तिच्यावर आहे. तिची हुबेहूब प्रत नौपाड्यात, मावशीच्या घरी आहे. निदान ती हुबेहूब असावी अशी माझी इच्छा आहे, आणि त्या इच्छेपायी मी जवळजवळ प्रत्येक रविवारी तिसरी एक डिस्क पिशवीत घालून मानपाड्याहून नौपाड्याला जातो. सकाळी रिक्षाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. संध्याकाळी परतताना कापूरबावडीला किती वेळ जाईल, ते कोणी सांगू शकत नाही. घरात या उद्योगाला ‘डिस्कला फिरवून आणणे’ म्हणतात.

हे सारे इंटरनेटवरून परस्पर होऊ शकते, असे माझा भाचा मला दर दिवाळीला सांगतो. त्याचे म्हणणे खरे आहे. मात्र त्या मार्गाने वालाचे बिरडे येत नाही.

मावशीने एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे काढली, आणि त्यांतली बरीचशी पुस्तकांची कार्डे लिहिण्यात. संगणकाशी तिचे कधीच विशेष जमले नाही. पण मेटाडेटा म्हणजे काय हे मी तिला पहिल्यांदा समजावू लागलो, तेव्हा तिने मला दुसऱ्या वाक्यालाच थांबवले. “म्हणजे आमचं कॅटलॉग कार्डच की,” ती म्हणाली, आणि पुढे शेंगा सोलू लागली. खरोखर ते तेवढेच आहे. प्रत्येक चित्रपटाच्या फोल्डरात, चित्रपटाच्या बाजूला, ‘एनएफओ’ या शेपटीची एक लहानशी मजकुराची फाइल असते. तिच्यात शीर्षक, वर्ष, दिग्दर्शक, नटनट्या आणि कथासार एवढे लिहिलेले असते, आणि नोटपॅडमध्ये उघडून ते कोणालाही वाचता येते. कोडी, ज्याला २०१४ पर्यंत एक्सबीएमसी म्हणत, आणि २०१८ साली एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळे निघालेले जेलीफिन, अशी मुक्त सॉफ्टवेअरे या फाइली वाचतात. फाइल नसेल तर फोल्डरच्या नावावरून चित्रपट ओळखून टीएमडीबीसारख्या सार्वजनिक कोठारातून माहिती आणि पोस्टर आणतात. एका चित्रपटाला दोन-चार जीबी सहज लागतात. त्याचे कार्ड चार-पाच केबीत मावते. नऊशे चित्रपटांची सगळी कार्डे एकत्र केली, तरी ती एका गाण्याएवढी जागा खाणार नाहीत.

नावावरून चित्रपट ओळखणे हे काम वाटते तितके सोपे नाही. नुसते ‘देवदास’ लिहिले तर संगणकाने १९३५ चा घ्यावा, १९५५ चा घ्यावा की २००२ चा? ‘श्यामची आई’ही आता १९५३ ची वेगळी आणि २०२३ ची वेगळी. म्हणून नावापुढे कंसात वर्ष लिहायचे, हा या छंदातला पहिला धडा. व्हीसीडीच्या बाबतीत आणखी एक पंचाईत होती. एका चकतीवर साधारण चौऱ्याहत्तर मिनिटेच मावत असल्यामुळे प्रत्येक चित्रपट दोन किंवा तीन तुकड्यांत यायचा, आणि तुकड्यांना नीट क्रमांक दिले नाहीत तर आमचा सर्व्हर, म्हणजे टीव्हीमागचा तो संगणक, उत्तरार्धाला स्वतंत्र चित्रपट समजून त्याला भलतेच कोणते तरी पोस्टर लावायचा. एका कौटुंबिक चित्रपटाच्या दुसऱ्या चकतीवर कित्येक महिने शार्कचे चित्र होते. ते काढून टाकू नये, असे घरात बहुमत होते.

एकाच चित्रपटाची दोन नावे असली, तर वर्षही कामाला येत नाही. प्रभातसाठी शांतारामबापूंनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला तो मराठीत, आणि त्याच कथेवर, त्याच सुमारास, ‘दुनिया न माने’ काढला तो हिंदीत. १९३९ सालच्या ‘माणूस’ आणि ‘आदमी’ या जोडीचेही तेच. हे चित्रपट एक मानावेत की दोन? मी त्यांना एकाच फोल्डरात कोंबले होते. मावशीने ते पाहिले आणि तिच्या कपाळावर आठी आली. तिच्या मते दोन्हींना स्वतंत्र कार्डे हवीत आणि प्रत्येकावर तळाशी ‘हेही पहा’ अशी नोंद हवी. शोधणारा कोणत्याही दाराने आत आला तरी त्याला दुसरे दार दिसले पाहिजे. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा, हा तिने मला तेव्हा ऐकवला. माझा किती वेळ खर्च होतो याविषयी रंगनाथनांचे काही म्हणणे नसावे.

“आणि दाखल क्रमांक कुठे आहे?” हा तिचा पुढचा प्रश्न होता. पुस्तक ग्रंथालयात आले की दाखल नोंदवहीत त्याला एक क्रमांक मिळतो. नाव बदलले, मुखपृष्ठ फाटले, कपाट हलवले, तरी तो क्रमांक तोच राहतो. आणि पुस्तक हरवले, तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. मी सांगितले की, तसे काहीसे चित्रपटांनाही आहे. आयएमडीबी हे चित्रपटांच्या माहितीचे संकेतस्थळ प्रत्येक चित्रपटाला ‘टीटी’ ही दोन अक्षरे आणि त्यांपुढे किमान सात आकडे असा क्रमांक देते, आणि तो फोल्डरच्या नावात घातला की सर्व्हर चुकत नाही. तिला ते पटले, पण पुरते नाही. “तो त्यांचा दाखल क्रमांक झाला,” ती म्हणाली. “आपला कुठाय?” या प्रश्नाचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही.

पुढे तिला एक नवीन नाद लागला. आलेले कथासार तिला पसंत पडेना. ‘एका तरुणाच्या आयुष्यात वादळ येते’ छापाचे ते सार वाचून तिने विचारले की, हे कोणत्या चित्रपटाला लागू पडत नाही? तेव्हा ती सांगत गेली आणि मी कथासाराच्या जागी ते टंकत गेलो. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) या फोल्डरातील कार्डावर असे आले: ‘शेजारच्या काकूंबरोबर, दुपारच्या खेळाला. मध्यंतरात वीज गेली. पाऊण तास अंधारात. पैसे परत मिळाले नाहीत, वडे मिळाले.’ ‘कुंकू’च्या कार्डावर दोनच वाक्ये होती: ‘आईने लहानपणी गावाला मामाबरोबर पाहिला. घरी सांगितले नाही.’ एका अतिशय गाजलेल्या चित्रपटाखाली तिने फक्त ‘लांबला’ एवढेच लिहायला सांगितले. दीड वर्षात अशी दोनशेहून अधिक कार्डे झाली. जेवण आटोपल्यावर एक आणि चहापूर्वी दोन, असा साधारण वेग होता.

आता सिंकविषयी, म्हणजे दोन्ही घरच्या प्रती सारख्या ठेवण्याविषयी, कारण गोष्ट तिथेच बिघडली. सुरुवातीस मी ने-आण करण्यासाठी बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह वापरत असे. तो फॅट ३२ पद्धतीचा असल्याने चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नसे. शिवाय या पद्धतीत फाइलची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते, त्यामुळे विषम सेकंदाला जतन केलेली प्रत्येक फाइल माझ्या प्रोग्रामला बदललेली वाटायची आणि तो ती मुकाट्याने पुन्हा उतरवायचा. हा प्रोग्राम म्हणजे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली पुढे आणलेला आरसिंक. आकार आणि वेळ या दोनच गोष्टी पाहून फाइल बदलली की नाही ते तो ठरवतो. एका सेकंदाचा फरक पोटात घाल असे त्याला बजावल्यावर तो शहाण्यासारखा वागू लागला. ही अडचण एका दुपारीत सुटली.

खरी अडचण निघाली ती ‘ऱ’ची. डोळ्यांना दिसणारा ‘नवऱ्याला’ हा शब्द संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, हा एक प्रकार. साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, हा दुसरा. आणि ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालणे, हा तिसरा. युनिकोडच्या नियमांनुसार पहिले दोन प्रकार समानार्थी आहेत. परंतु फाइलींची व्यवस्था पाहणाऱ्या सगळ्याच पद्धती तसे मानत नाहीत: काही ‘ऱ’ची फोड करून ठेवतात, काही जसा आला तसा ठेवतात. माझा जुना लॅपटॉप फोड करणारा होता, सर्व्हर न करणारा. लॅपटॉपवर एकदा सगळे नीटनेटके करून मी ते सर्व्हरवर पाठवले, तेव्हा ‘नवरी मिळे नवऱ्याला’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहिले. नाव तेच, वर्ष तेच, अक्षरही तेच. ‘वाऱ्यावरची वरात’ही दोन झाली, आणि आमच्या दिवेआगरच्या सहलीचे ‘किनाऱ्यावर’ हे चित्रणही. ‘कुंकू’ला, ‘माणूस’ला, ‘श्यामची आई’ला काहीच झाले नाही. आपल्या लिपीचा एवढा सूक्ष्म व्याकरण-परीक्षक मला शाळेतही भेटला नव्हता.

त्यांतला खरा कोणता आणि उपटसुंभ कोणता, ते पाहून ठरवणे अशक्य होते. म्हणून प्रत्येक जोडीतला एक मी उचलला आणि ‘नंतर बघू’ या फोल्डरात टाकला. हा फोल्डर सर्व्हरच्या संग्रहाबाहेर आहे. तिथे काय चालते ते सर्व्हर पाहत नाही, आणि मीही पाहत नाही.

त्यानंतर एका शनिवारी रात्री चाळीसेक चित्रपटांची पोस्टरे दिसेनात, म्हणून मी मेटाडेटा नव्याने आणण्याची आज्ञा दिली. त्या चौकटीत दोन पर्याय असतात. एक, जे नाही तेवढेच आण. दुसरा, आहे ते सगळे बदल. मी दुसऱ्यावर खूण केली. आणलेली माहिती एनएफओ फाइलींतही उतरवून ठेव, असे मीच पूर्वी कधीतरी सांगून ठेवलेले होते. एखाद्या कार्डाला कुलूप घालून ठेवण्याची सोय असते आणि कुलूप घातलेले कार्ड बदलत नाही, हे मला माहीत होते. मी ते एकाही कार्डाला घातलेले नव्हते. पोस्टरे सगळी आली, फार सुबक आली. सकाळी मी डिस्क भरून नौपाड्याला गेलो, तिथे सिंक लावले आणि हात धुऊन पानावर बसलो. माझ्याकडे जे, तेच तिच्याकडे, हे काम चार मिनिटांत अचूक पार पडले. एक चूक दोन घरी होऊ शकते, आणि तिला नेऊन पोहोचवण्यासाठी आपणच रिक्षाचे भाडे भरतो, हे मला चहाच्या वेळी कळले, जेव्हा मावशीने एक कार्ड उघडायला सांगितले आणि तिथे पुन्हा एका तरुणाच्या आयुष्यात वादळ आले होते.

तिने आरडाओरडा केला नाही. “दुसरी प्रत कुठे ठेवलीयस?” एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, हीच दुसरी प्रत होती. त्यावर ती काही बोलली नाही. तिच्या ग्रंथालयात असे उत्तर देणाऱ्याचे काय होत असे, याची मला कल्पना आहे.

रात्री घरी येऊन मी सगळे धुंडाळले. दोनशेहून अधिक कार्डांपैकी तीन वाचली होती: ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘किनाऱ्यावर’. ‘नंतर बघू’मध्ये ती जशीच्या तशी पडलेली होती, फोड केलेल्या ‘ऱ’सकट. ज्या अक्षराला मी महिनाभर शिव्या घातल्या, त्याच्याच आडोशाला काकू, अंधार आणि वडे सुखरूप राहिले होते.

चित्रपट पुन्हा मिळतील, पोस्टरे तर हव्या त्या दिवशी मिळतात. कोठारात नसलेला मजकूर मात्र आमच्या दोन डिस्कांपलीकडे कुठेच नव्हता. आता मावशीची टिपणे एनएफओमध्ये नसतात. त्यांच्यासाठी एक साधी, वेगळी मजकुराची फाइल आहे. सर्व्हरला ती कळत नाही, म्हणून तो तिला हात लावत नाही. तिची तारखेवार जुनी आवृत्ती बाजूला राहते, आणि ती सिंकमध्ये कधीच पुसली जात नाही. प्रत्येक टिपणाला एकपासून पुढे क्रमांक आहे. तो आमचा आहे.

मावशी पुन्हा सांगते आहे. मागच्या रविवारी ‘कुंकू’ची पाळी आली. डोळे मिटून ती म्हणाली, “लिही. आईने लहानपणी गावाला मामाबरोबर पाहिला. घरी सांगितले आणि मार खाल्ला.”

मी थांबलो. पहिल्या वेळी ‘घरी सांगितले नाही’ असे होते, हे मी तिला सांगितले. पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे काही नव्हते.

तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “तू म्हणतोस तर असेल. तेही लिही. हरवलेल्याला आधीचा नंबर दे, याला पुढचा दे, आणि दोन्हींच्या खाली ‘हेही पहा’ घाल.”