शाळेच्या आवारात विमानविरोधी तोफ आणली, त्याचा अनुभव

मला जुन्या तोफांचा नाद आहे. किल्ल्यावरच्या नाही हां, दुसऱ्या महायुद्धातल्या, विमानं पाडायच्या. परदेशात लोक निकामी केलेली तोफ विकत घेऊन अंगणात ठेवतात, ते फोटो बघून मीपण चौकशी सुरू केली आणि ओळखीच्या वकिलांनी पाच मिनिटांत गप्प बसवलं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्यात विमानविरोधी तोफ सरळ प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. आणि नुसती तोफच नाही, तिचे सुटे भाग, तिचा गाडा, नळीच्या तोंडावरचा जाळ लपवायचा तो शंकू, सगळंच अग्निशस्त्राच्या व्याख्येत. म्हणजे भंगारवाल्याकडे दिसलं तरी हात लावायचा नाही.

मग रस्ता एकच, संस्थेच्या नावाने. लष्कर बाद झालेली हत्यारं निकामी करून शाळा-कॉलेजांना, स्मारकांना शोभेसाठी देतं. आमची दापोली म्हणजे जुना इंग्रजांचा कॅम्प, आसपासच्या वाड्यांमधून फौजी पेन्शनर भरपूर, त्यामुळे आमच्या हायस्कूलचे हेडसर लगेच तयार झाले. पुढे मात्र कागद. संस्थेचा ठराव, जागेचा नकाशा, कंपाउंड किती उंच, रात्री वॉचमन असतो का, आणि एका ऑफिसात तर ही फाईल कुठल्या टेबलाची हेच कोणाला ठरवता येईना, जो तो पुढे ढकलतोय. शेवटी गावातले रिटायर्ड सुभेदार काका, जे लष्करात एअर डिफेन्सला, म्हणजे विमानविरोधी तोफांवरच होते, ते स्वतः जाऊन बसले तिथे. फाईल हलली.

मिळाली ती ४० मिलिमीटर तोंडाची बोफोर्स, एल-६० मॉडेल. गावात बातमी पसरली आणि जो भेटेल तो, "ती घोटाळ्याची काय रे?" अहो ती १५५ मिलिमीटरची हॉवित्झर, जमिनीवर लांब मारा करणारी, १९८६ चा सौदा. ही तिची आजी, १९३० च्या दशकातली, चार-चार गोळ्यांची क्लिप वरून हाताने भरायची आणि मिनिटाला १२० च्या आसपास मारा. १९६५ च्या लढाईतपण आपल्याकडे हीच होती.

आणायचा खर्च आपला, ट्रेलर, क्रेन सगळं. दोन टनांच्या घरातलं वजन, ताम्हिणी घाटात प्रत्येक वळणाला मी मागच्या गाडीतून डोळे मिटून घेत होतो. ब्रीचब्लॉक म्हणजे नळी मागून बंद करणारा ठोकळा काढलेला, फायरिंग पिन नाही, गोळा बसतो ते चेंबर वेल्डिंगने बंद, नळीला खालून भोक, तसं सर्टिफिकेट सोबत. नाक्यावर पोलिसांनी ते नीट वाचलं आणि मग फोटो काढून घेतले.

खरं काम इथे आल्यावर सुरू झालं. समुद्राचा खारा वारा आणि आपला पाऊस, लोखंड टिकतंय कुठे! चिऱ्याचा चौथरा बांधून तोफ जॅकवर उभी केली, चाकं अधांतरी ठेवली म्हणजे टायर बसत नाहीत. गंज तारेच्या ब्रशने घासून आधी प्रायमर, मग इपॉक्सी, वर हिरवा. नळी आकाशाकडे रोखलेली छान दिसते पण पावसाचं पाणी आत जातं, म्हणून तोंडाला लाकडी गुडदी ठोकली, आणि ते निकामी करताना पाडलेलं भोक मुद्दाम उघडं ठेवलं, आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. घासताना रंगाच्या थराखाली पितळी पट्टी लागली, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू साफ केली तर १९४३ हा आकडा वर आला. युद्धात या तोफा कॅनडात एक लिफ्ट बनवणारी कंपनीपण करायची, त्यामुळे सुभेदार काका आता तिला लिफ्टच म्हणतात.

तोंडावरचा शंकू मात्र आलाच नव्हता. एकाने खरा मिळवून देतो म्हणून फोन केला होता, वकिलांचं आठवून नाही म्हटलं. आमच्या नाक्यावरच्या वेल्डरने पत्र्याचा करून दिलाय, जरा जाडाच झालाय, पण मुलं फोटो काढताना त्यालाच धरतात.